नवे एचटीएमएल टॅग वापरायला कधी घ्यायचे? आजींच्या फोनमुळे पडलेला प्रश्न

रामबाग_कट्टा | रात्री १०:१८

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला असतो. पोटापाण्यासाठी वेबसाइटींचं काम करतो आणि आमच्या मराठी मंडळाची साइटही गेली काही वर्षं मीच सांभाळतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांचे कार्यक्रम, स्पर्धांचे नियम, नावनोंदणी, सगळं तिथेच असतं.

यंदा कार्यक्रमांचं पान नव्यानं लिहिलं. प्रत्येक स्पर्धेपुढे 'नियम आणि नोंदणी' असं बटण, ते दाबलं की छोटी चौकट उघडणार. पूर्वी हे एका जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर, चालायचं. ती काढली आणि एचटीएमएलमधलं, म्हणजे पान लिहायच्या भाषेतलंच, पॉपओव्हर ॲट्रिब्यूट (टॅगला, म्हणजे पानाच्या भागाच्या खुणेला, जोडायचा शब्द) वापरलं. चौकटीला पॉपओव्हर लिहायचं, बटणाला पॉपओव्हरटार्गेट लिहून त्यात चौकटीचा आयडी द्यायचा, झालं. जावास्क्रिप्टची एक ओळ लागली नाही. माझ्या फोनवर, लॅपटॉपवर आणि समितीतल्या सगळ्यांच्या फोनवर व्यवस्थित चाललं.

मग सुदामा नगरातल्या एका आजींचा फोन आला. "अरे, भजन स्पर्धेचं बटण दाबतेय दाबतेय, काही होतच नाही." मला वाटलं नेट गेलं असेल, म्हटलं थोड्या वेळानं बघा. दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. नातवानं नवा फोन घेतल्यावर त्याचा जुना आयफोन ७ आजींकडे आला होता. तो आयओएस १५ च्या पुढे जातच नाही, आणि सफारीत पॉपओव्हर आलं १७ मध्ये. म्हणजे त्यांच्या फोनवर माझी सगळी बटणं निर्जीव होती. साऱ्या चौकटी मी पानाच्या तळाशी ठेवल्या होत्या, त्या तिथे एकाखाली एक उघड्या पडल्या होत्या: रांगोळी, पाककृती, भजन, वेशभूषा, सगळ्यांचे नियम एका ढिगात. तिथपर्यंत आजी कशाला जातील?

नोंदणीची मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्यांच्या भजनी मंडळातल्या आठ जणींनी महिनाभर तालीम केली होती. समितीनं त्यांना सामावून घेतलं, कार्यक्रमही सुरेख झाला. पण आजी मला म्हणाल्या, "मला वाटलं, मलाच येत नाही." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा. नवी सोय आली की ती कधी वापरायला घ्यायची, हे तुम्ही कसं ठरवता? दहा वर्षं थांबायचं का? आणि थांबायचं नसेल, तर कशाच्या आधारावर?

पोहेजिलेबी | रात्री १०:४१

दादा, मी पण इंदूरचाच, विजय नगरला बसतो. तुम्ही बेसलाइन बघितलं नव्हतं का? मे २०२३ मध्ये गूगलनं ही पद्धत जाहीर केली. क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी, चौघांतही एखादी गोष्ट आली की ती 'नव्यानं उपलब्ध'. त्यानंतर ३० महिने गेले की 'सर्वत्र उपलब्ध'. आमच्याकडे सरळ नियम आहे, ३० महिने झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

या हिशेबानं पानावर चौकट उघडणारा डायलॉग टॅग केव्हाच पक्का झाला. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता, पण फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ मध्ये आला मार्च २०२२ ला. त्यात ३० महिने मिळवले की सप्टेंबर २०२४. पॉपओव्हरचे ३० महिने भरतात जुलै २०२७ ला. तुम्ही घाई केलीत.

दांडियाबाजार | रात्री ११:०५

बडोद्याहून. पॉपओव्हरच्या तारखेत एक गोष्ट दडलेली आहे, ती सांगतो. क्रोम ११४ मध्ये ते आलं मे २०२३ ला, सफारी १७ मध्ये सप्टेंबरात, फायरफॉक्स १२५ मध्ये एप्रिल २०२४ ला. म्हणजे चौघं एप्रिल २०२४ लाच पूर्ण झाले, आणि तशी घोषणाही झाली होती. मग लक्षात आलं की आयफोनवर चौकटीबाहेर टॅप केलं तरी ती मिटत नाही. आयओएस १८.३ मध्ये ते दुरुस्त झालं आणि बेसलाइनची तारीख सरकून जानेवारी २०२५ झाली. कोणत्या ब्राउझरात काय चालतं त्या तक्त्यात हिरवी खूण दिसली म्हणजे काम संपलं असं होत नाही, हे मला यातून नीट कळलं.

दुसरं, जुनं दुखणं. २०१४ मध्ये क्रोम ३६ बरोबर एचटीएमएल इम्पोर्ट्स आले. एका पानात दुसऱ्या पानाचा तुकडा ओढून आणायचा, इतकं सोपं. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाचं अख्खं काम त्यावर उभं केलं. फायरफॉक्स आणि सफारीनं ते घेतलं नाही, त्यांच्यासाठी मी पॉलिफिल, म्हणजे उणीव भरून काढणारा जोडकोड, लावत बसलो. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० नं ते काढूनही टाकलं. सगळं काम पुन्हा केलं, माझ्या खर्चानं. तेव्हापासून एकाच कंपनीच्या ब्राउझरात असलेली गोष्ट मी गिऱ्हाइकाच्या कामात आणत नाही. घरी हौसेनं करून बघतो, ती गोष्ट वेगळी.

मु_पो_महू | रात्री ११:२०

वाचतोय. फार उपयोगाचा धागा.

लष्करवाली | सकाळी ७:५२

ग्वाल्हेरहून. मुलांना वेब डिझाइन शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पोहेजिलेबी, तुमचा ३० महिन्यांचा नियम वाईट नाही, पण त्यानं आजींचा प्रश्न सुटत नाही. बेसलाइन ब्राउझरांविषयी सांगतं, तुमच्या माणसांच्या हातातल्या फोनांविषयी नाही. जुलै २०२७ उजाडला तरी तो आयफोन ७ आयओएस १५ वरच असणार. विंडोज ७ च्या संगणकांचंही तसंच, तिथे क्रोम १०९ वर थांबलं ते थांबलं. आमच्या लष्कर भागात झेरॉक्सच्या आणि ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत असे संगणक अजून रोज चालतात. लोकांचे अर्ज तिथूनच जातात.

मी मुलांना तारखेच्या आधी दुसरंच विचारायला लावते: ब्राउझरला ही गोष्ट कळली नाही, तर माणसाला काय दिसेल?

एचटीएमएलचा स्वभाव क्षमाशील आहे. न कळणारा टॅग ब्राउझर फेकून देत नाही, आतला मजकूर साध्या मजकुरासारखा दाखवतो. न कळणारं ॲट्रिब्यूट नुसतं सोडून देतो. म्हणून प्रत्येक नव्या गोष्टीचं उत्तर वेगळं येतं. चित्र पडद्याजवळ आलं तेव्हाच उतरावं म्हणून त्याला लोडिंग ॲट्रिब्यूटमध्ये लेझी लिहिलं आणि ब्राउझरला ते कळलं नाही, तर चित्र पूर्वीसारखं लगेच उतरतं, कुणाचं काहीच अडत नाही. अशी गोष्ट पहिल्या दिवशी घ्यावी. क्रोम ७७ मध्ये २०१९ ला ती आली तेव्हाच मी लावली, सफारीत यायला मार्च २०२२ उजाडला, मधल्या काळात कुणाचीही तक्रार नाही. फक्त पानाच्या अगदी वरच्या मोठ्या चित्राला लेझी लावू नका, ते उलट उशिरा दिसतं.

शोधाची जागा दाखवणारा सर्च टॅगही तसाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये चारही ब्राउझरांत पूर्ण झाला. जुन्या ब्राउझरला तो कळला नाही तरी आतला फॉर्म चालतोच. पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला 'इथे शोध आहे' एवढं कळत नाही, त्यासाठी रोल ॲट्रिब्यूटमध्ये सर्च लिहून ठेवलं की भागलं.

आता पॉपओव्हर. न कळल्यास चौकट उघडी दिसते आणि बटण काहीच करत नाही. म्हणजे मजकूर हरवत नाही, पण बटण माणसाला फसवतं. इथे मी विचारेन की चौकटीत काय आहे? एखाद्या शब्दाचा अर्थ, छोटी टीप असेल तर खुशाल वापरा, फक्त ती चौकट बटणाला लागूनच लिहा, तळाशी नको. उघडी पडली तरी वाक्याशेजारीच वाचली जाईल. आणि नोंदणीचा फॉर्म किंवा मुदतीची तारीख असेल तर नको. ज्यावाचून माणसाचं काम अडतं ते न कळण्याच्या जोखमीवर ठेवायचं नाही.

तुमच्या पानाला खरं तर पॉपओव्हर हवंच नव्हतं. डिटेल्स आणि समरी हे दोन टॅग घ्या: समरीची ओळ दिसते, ती दाबली की डिटेल्समधला मजकूर उघडतो. क्रोममध्ये २०११ पासून आहेत, फायरफॉक्स ४९ मध्ये २०१६ ला आले. आजींच्या फोनवर चालतील, त्याहून जुन्या आयफोन ६ वरही चालतील. आणि एखाद्या ब्राउझरला अजिबात कळले नाहीत, तर सगळे नियम जिथल्या तिथे उघडे दिसतील.

रामबाग_कट्टा | सकाळी ९:१०

ताई, मनापासून आभार. 'बटण माणसाला फसवतं' हे अगदी तसंच झालं. डिटेल्स माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण ते जुनं. नवं वाचलं की हात तिकडे जातो.

एक शंका. एक स्पर्धा उघडली की आधीची आपोआप मिटावी, असं समितीला हवंय. त्यासाठी डिटेल्सला नेम ॲट्रिब्यूट आलंय ना?

लष्करवाली | सकाळी ९:३४

हो. सगळ्या डिटेल्सना एकच नेम द्या. क्रोम १२० आणि सफारी १७.२ मध्ये डिसेंबर २०२३ ला आलं, फायरफॉक्स १३० मध्ये सप्टेंबर २०२४ ला. तोच प्रश्न इथेही लावून बघा: न कळल्यास काय? दोन-तीन स्पर्धा एकदम उघड्या राहतील, बस. बिनधास्त घ्या.

पण समितीला एकदा विचारा की मिटायला कशाला हवं? ज्या बाईला भजन आणि पाककृती दोन्हीच्या तारखा जुळवून बघायच्या आहेत, तिला दोन्ही उघड्याच हव्या असतील.

मु_पो_महू | सकाळी १०:१५

मी थोडा विरुद्ध बोलतो. दादांची जुनी लायब्ररी आजींच्या फोनवर चालत होती ना? मग ती काढलीच का? आम्ही महूच्या एका दुकानाची साइट अशाच जुन्या लायब्ररीवर चालवतो. नवं काही नको आणि डोक्याला तापही नको. चालतंय ते मोडू नये.

स्पर्श | सकाळी ११:४०

मु_पो_महू, 'चालतंय' हे कुणासाठी, ते मी सांगतो. मला दिसत नाही. संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक, हे पडदा वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर वापरून मी काम करतो. इंदूरलाच राहतो, नारायण बागेत.

त्या जुन्या लायब्रऱ्यांची चौकट म्हणजे एक साधा डिव्ह, काहीच अर्थ न सांगणारा डबा. डोळ्यांना ती पानावर तरंगताना दिसते. मला काय होतं ते सांगतो. मी बटणावर एंटर दाबतो. शांतता. चौकट उघडली हे मला कुणी सांगत नाही, कारण फोकस, म्हणजे कीबोर्ड ज्या जागेवर चालतो ती जागा, मागच्या पानावरच आहे. टॅब दाबत जातो तर मागच्या पानाच्या लिंका वाचल्या जातात, ज्या तुम्हाला धूसर दिसतात आणि तुमच्या दृष्टीनं त्या क्षणी नाहीतच. टॅबवर टॅब मारत पान संपवलं की सगळ्यात शेवटी कधीतरी चौकटीतलं 'बंद करा' सापडतं. एस्केप दाबून मिटेल का? कुणी आठवणीनं लिहिलं असेल तर.

डायलॉग टॅग जावास्क्रिप्टच्या शोमोडल या आज्ञेनं उघडला की हे सगळं ब्राउझर स्वतः करतो. फोकस आत जातो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपनं चौकट मिटते आणि मी जिथे होतो तिथे परत येतो. पहिल्यांदा अशा पानावर गेलो तेव्हा मला वाटलं कुणीतरी माझ्यासाठी बसून हे केलंय. म्हणून कृपया, 'नवं कशाला' म्हणताना हे लक्षात असू द्या. आजी जुन्या फोनमुळे अडल्या, मी जुन्या कोडमुळे अडतो.

फक्त एक चूक टाळा. डायलॉगला नुसतं ओपन ॲट्रिब्यूट लावून उघडू नका. तसं केलं तर मागचं पान निष्क्रिय होत नाही, माझी अडचण तशीच राहते.

मु_पो_महू | दुपारी १२:०२

स्पर्शदादा, हे मला खरंच माहीत नव्हतं. आज संध्याकाळी माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबवर आमची साइट चालवून बघतो.

दांडियाबाजार | दुपारी १:२६

स्पर्श यांना पूर्ण अनुमोदन. डायलॉगबद्दल भर घालतो. आजींच्या आयफोन ७ वर तो चालतो, फोन १५.४ किंवा पुढच्या आवृत्तीला अपडेट केलेला असेल तर. विंडोज ७ च्या क्रोम १०९ वरही चालतो. आयफोन ६ आयओएस १२ वर अडकलेला आहे, तिथे नाही चालणार. म्हणून मी बटण असं कधी लिहित नाही की ते फक्त डायलॉगच उघडेल. ती असते साधी लिंक, नोंदणीच्या स्वतंत्र पानाकडे जाणारी. ब्राउझरला डायलॉग कळत असेल तरच जावास्क्रिप्ट ती लिंक थांबवून चौकट उघडते. नसेल कळत, तर माणूस दुसऱ्या पानावर जातो आणि तिथे तोच फॉर्म भरतो. काम दुप्पट वाटतं, पण फॉर्म एकच, दोन ठिकाणी दाखवलेला.

आणि नवं ते सगळं चांगलं, असंही नाही. आपल्या वयस्क सभासदांच्या जन्मतारखेसाठी डेट प्रकारचं इनपुट लावू नका. १९४८ सालापर्यंत मागे जायला बिचारे कॅलेंडर सरकवत बसतात. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्या. कार्यक्रमाची तारीख निवडायला मात्र डेट उत्तम, कारण ती याच महिन्यातली असते.

पोहेजिलेबी | दुपारी २:४८

मी सकाळपासून वाचतोय आणि माझा नियम बदलतोय. ३० महिने हा 'डोळे मिटून घ्या' साठीचा आकडा ठीक आहे, पण त्याच्या आधी सगळं निषिद्ध असं नाही.

मग सिलेक्टचं, म्हणजे पर्याय निवडायच्या यादीचं, काय? क्रोम १३५ मध्ये एप्रिल २०२५ ला सिलेक्टला हवं तसं सजवायची सोय आली. सीएसएसमध्ये, म्हणजे सजावटीच्या भाषेत, ॲपिअरन्सला बेस-सिलेक्ट लिहायचं, मग पर्यायांत चित्रंसुद्धा घालता येतात. न कळल्यास नेहमीचं साधं सिलेक्ट दिसतं. म्हणजे ताईंच्या कसोटीवर पास, पण काकांच्या 'एकाच कंपनीचं नको' वर नापास?

दांडियाबाजार | दुपारी ३:१५

उत्तम प्रश्न. मला सुधारणा करावी लागेल. एचटीएमएल इम्पोर्ट्स नसले तर पानच उभं राहत नव्हतं, म्हणून मी बुडालो. इथे ते नसलं तर साधं सिलेक्ट उरतं. मग घ्यायला हरकत नाही. फक्त चित्रात अशी माहिती घालू नका जी शब्दांत नाही.

स्पर्श | दुपारी ४:०५

विषय थोडा बाजूला जाईल, पण सांगतोच. नव्या टॅगांवर इतकं बोललो, जुन्या ॲट्रिब्यूटकडेही बघा. आपल्या भागातल्या बऱ्याच मराठी पानांच्या अगदी पहिल्या ओळीत, पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये हिंदीचं एचआय असतं, कारण साचा हिंदी साइटवरून उचललेला असतो. तिथे मराठीचं एमआर हवं. हिंदी लिहिलं की माझ्याकडे हिंदीचा आवाज मराठी वाचायला लागतो.

लष्करवाली | संध्याकाळी ५:२०

स्पर्शदादा, हे बाजूचं नाही, हेच आधी करायचं काम आहे. डोळ्यांनाही फरक पडतो. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवली, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहेत. ज्या फॉन्टांत ही मराठी रूपं भरलेली असतात, ते लँगमध्ये एमआर दिसलं तरच ती बाहेर काढतात. एचआय असेल तर तोच फॉन्ट हिंदीचा ल दाखवतो. आम्ही ग्वाल्हेरची माणसं घरात मराठी आणि बाहेर हिंदी जगतो, दोन्ही ल रोज बघतो. पण मंडळाच्या निमंत्रणावर आपला ल दिसला की वेगळं वाटतं. दोन अक्षरांचा बदल आहे, आजच करा.

फॉर्ममध्येही दोन गोष्टी तपासा. फोन नंबरला पॅटर्न (काय टाइप केलेलं चालेल तो साचा) म्हणून शून्य ते नऊ असे इंग्रजी आकडे दहा वेळा, असं लिहिलं असेल तर देवनागरी आकडे टाइप करणाऱ्याला ब्राउझर चूक ठरवतो. दोन्ही आकडे स्वीकारा आणि सर्व्हरवर बदलून घ्या. आणि नावाच्या चौकटीत मॅक्सलेंग्थ, म्हणजे अक्षरांची कमाल मर्यादा, आखडती ठेवू नका. 'श्रीकृष्ण' आपण तीन अक्षरं मोजतो, ब्राउझर नऊ मोजतो, कारण काना, वेलांटी, हलंत सगळं वेगवेगळं धरलं जातं. आडनावाच्या मधेच टाइप होणं थांबलं की पुन्हा तेच, माणसाला वाटतं मलाच येत नाही.

मु_पो_महू | रात्री ८:३३

टॅबवर साइट चालवून बघितली. ऑर्डरची चौकट मिटवताच येईना, पान पुन्हा उघडावं लागलं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही. उद्यापासून डायलॉगवर नेतो, दांडियाबाजारकाकांच्या लिंकवाल्या पद्धतीनं.

रामबाग_कट्टा | रात्री १०:५०

आज दुपारी बसून पान बदललं. सगळ्या स्पर्धा डिटेल्समध्ये घातल्या. नेम लावलं नाही, समितीशी बोललो आणि ताईंचं म्हणणं त्यांना पटलं. शेवटची तारीख बाहेर, समरीतच लिहिली, म्हणजे काही उघडायच्या आधीच दिसते. नोंदणी साध्या लिंकवर. पॉपओव्हर एकाच ठिकाणी ठेवलं, 'ओवी', 'भारूड' अशा शब्दांच्या अर्थांसाठी, तेही शब्दाला लागून. लँगमध्ये एमआर केलं. आमच्याकडेही एचआय होतं, इतकी वर्षं.

संध्याकाळी आजींकडे गेलो. काही न सांगता फोन हातात दिला. त्यांनी भजन स्पर्धेवर बोट ठेवलं, नियम उघडले, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचले आणि म्हणाल्या, "यात पेटीवाला बाहेरचा चालेल असं लिहिलंय, ते आधी नव्हतं ना?" होतं. तळाच्या ढिगात होतं.

स्पर्श, तुम्ही नारायण बागेत म्हणजे अगदी जवळ. रविवारी सकाळी येऊ का? नोंदणीचं पान तुमच्या एनव्हीडीएवर तुमच्याकडून चालवून बघायचं आहे, मी नुसता शेजारी बसेन. आणि इंदुरात कुणाच्या कपाटात जुना आयफोन ६ किंवा विंडोज ७ चा लॅपटॉप पडून असेल तर इथे कळवा. चार्जर नसला तरी चालेल, मी राजवाड्यापासून कुठेही येऊन घेऊन जाईन.

स्पर्श | रात्री ११:०२

या. नऊनंतर या, त्याआधी पोह्यांची वेळ असते, तेव्हा थेट पोह्यांनाच या. समरीच्या आत हेडिंग टाकलं असेल तर आताच सांगून ठेवतो, काही ठिकाणी ते हेडिंग म्हणून वाचलं जात नाही. रविवारी बघू.